पाच नंबरची लादी

"आणखी जोरात मारा उडी, मॅडम!" मी ओरडले, आणि नगराध्यक्ष मॅडमनी खरंच ओल्या लादीवर दोन्ही पायांनी उडी मारली. जरासुद्धा घसरल्या नाहीत. नगरसेवक टाळ्या पिटायला लागले.

नगरपरिषदेच्या नव्या फरशीसाठी दाखल्यांच्या खिडकीसमोर पाच नमुने बसवून सहा महिने झाले होते. तिथे रोज रांग लागायची आणि रोज पुसायला मीच, म्हणून निकालही मलाच विचारला. मागे सभागृहात चकचकीत टाइल्स बसवल्या, तेव्हा हात माझाच मोडला होता. एक नंबर घसरडी, दोन तडकलेली, तीन पिवळी पडलेली, चारचे कोपरे उडालेले. पाच नंबर मात्र होती तशी!

"हीच घ्यायची!" मॅडम इंजिनिअरसाहेबांकडे वळल्या. "कंपनी कुठली? अख्ख्या इमारतीपुरता माल आहे ना त्यांच्याकडे?"

साहेब नुसतेच कागद उलटेपालटे करायला लागले. शेवटी मीच तोंड उघडलं. पाचव्या कंपनीचा माणूस नमुना घेऊन आलाच नव्हता. मोकळ्या खड्ड्यात कुणी पडू नये म्हणून मी गवंड्याकडून इथलीच उखडलेली जुनी शहाबादी फरशी उलटी करून, घासून बसवून घेतली होती.

मग मॅडमना असं काही हसू फुटलं, की त्या खाली जुन्या फरशीवरच फतकल मारून बसल्या.

"अगं सुगंधा, मग बाकीचा माल आणायचा कुठनं?"

"आणायचा कशाला, मॅडम? तुम्ही त्याच्यावरच बसलाय."