कामाचे कपडे

दारव्ह्याजवळच्या तांड्यात निवृत्त नौसैनिक बाबूसिंग रोजच्यासारखे चहाआधी आपली पदकं पुसत बसले होते, तेव्हा त्यांची बायको सुखीबाई लेकीबरोबर यवतमाळला डॉक्टरांकडे निघाली.

“फुप्फुसांत ॲस्बेस्टॉसची धूळ बसली आहे. फार उशीर झालाय,” डॉक्टर म्हणाले. “जहाजाच्या इंजिनघरात असते ती. नवऱ्याचे कामाचे कपडे तुम्हीच झटकून धूत होता?”

“त मंग कोन धुनार? त्याहिची अर्धी नौकरी म्याच केली!” सुखीबाई ताठ बसून म्हणाली.

बाहेर येताच लेकीचे डोळे भरले. “याडी, बाबाले काय सांगू?”

“चुलीचा धूर लागला म्हन. जहाजाचं नाव काढू नको. त्याच जहाजाच्या नावानं तुहा बाप मान वर करून जगला.”

घरी पोचल्यावर तिने कुदळ उचलली आणि बाबूसिंगांच्या देखत निर्दोष चूल फोडून टाकली.