एकरभर गवत

निवृत्त काकांनी घरामागचं एकरभर गवत कापायला बसून चालवायचं यंत्र जवळजवळ पक्कं केलं होतं. दुकानदारही रंगात आला. "तासाभरात अख्खं आवार चकाचक, काका!"

काकूंनी मात्र कोपऱ्यातल्या, अरुंद पात्याच्या, हाताने ढकलायच्या यंत्रावर बोट ठेवलं. "हेच द्या. यांना तेवढाच व्यायाम."

बायकोच्या काळजीने विरघळलेले काका गाडी आणायला बाहेर गेले.

दुकानदाराला राहवेना. "काकू, याने या टोकाचं कापून होईतो त्या टोकाचं पुन्हा वाढेल हो!"

 

"वाढलंच पाहिजे! घरी बसल्यापासून रोज माझ्या स्वयंपाकघरातले डबे नव्याने लावतायत. काल माझ्याच घरात मीठ कुठंय, ते मला यांना विचारावं लागलं."