दोन गल्ल्या अलीकडे

"इथून चालत जाऊ, आई," म्हणत अनुपने इंजिन बंद केलं आणि बेबीताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मांडीवर पाटोडीच्या रश्श्याचा डबा होता. फडक्यात गुंडाळलेला, अजून गरम. ज्यांच्याकडे जेवायला निघाले होते त्या चंद्रहास आणि सुलभाचं घर आणखी दोन गल्ल्या पुढे, असं अनुपच सांगत होता. पापाटोएटो या परदेशी उपनगरातला तो रस्ता रविवारच्या उन्हात सुस्तावला होता. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या आईला कुणी गरम डबा देऊन दोन गल्ल्या चालवतं का?

"त्यांची गल्ली अरुंद आहे," अनुप म्हणाला आणि खाली उतरला.

तसा या गाडीवरचा त्यांचा राग आजचा नव्हता. चांगला मुरलेला होता. अनुप तिला पिकअप म्हणायचा, बेबीताईंच्या लेखी तो ट्रकच. अमेरिकेतून आलेला, पुढून माजलेल्या रेड्यासारखा, मागे कायम रिकामा हौदा. ऑफिसात बसून कॉम्प्युटरवर पूल आखणाऱ्या माणसाला त्या हौद्यातून काय वाहायचं होतं, हे त्यांना कधी कळलं नाही. त्यांचं घर पुकेकोहेला. तिथल्या लाल मातीत काठी रोवली तरी पालवी फुटते. तिथे त्यांनी मेथी-पालकाचे वाफे केले होते. ट्रक गॅरेजमध्ये मावेना, तेव्हा लेकाने त्या वाफ्यांवर काँक्रीट ओतलं. नवऱ्याने, यादवरावांनी, लेकाचीच बाजू घेतली. पोराची हौस आहे, करू दे, म्हणाले. यादवरावांना चढता येत होतं. बेबीताईंसाठी मात्र प्रत्येक वेळी स्टूल काढायचं आणि पोतं चढवावं तसं खालून रेटायचं.

आणि मिरवणं तरी किती. विहारात गेला की ट्रक फाटकाच्या तोंडाशी. सुपरमार्केटला गेला की दोन गाड्यांची जागा अडवून. कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणायचं तरी गाडी बरोबर दारासमोर, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याने वळून बघावं. एखादा गोरा थांबून "नाइस ट्रक, मेट" म्हणाला, की याला दिवसभर जेवण नको. एवढा हत्ती दारात बांधायचा, आणि नेमकं पाहुण्यांकडे जायचं तेव्हा आईने पायी जायचं.

अनुपने स्टूल लावलं, दार उघडलं, कोपराला धरलं. बेबीताईंनी धुसफुसत एक पाय खाली टेकवला. तेवढ्यात फोन वाजला. एक हात आईला धरण्यात गुंतलेला, म्हणून त्याने स्पीकर लावला.

"अरे, कुठे अडकलात?" चंद्रहासचा मोकळा, हसरा आवाज आला. "तुझ्या ट्रकसाठी ड्राइव्हवे रिकामा करून ठेवलाय. माझी गाडी बाहेर काढली. आमची श्रिया सकाळपासून गेटला लटकून बसलीय, ट्रकमध्ये बसायचंय म्हणून. दीनाला आणलंस ना?"

"नाही रे, तिची हॉस्पिटलमध्ये ड्यूटी आहे. आलोच आम्ही." अनुपने घाईघाईने फोन बंद केला.

बेबीताई तशाच थांबल्या. एक पाय स्टुलावर, एक गाडीत.

"दीना कोण?"

अनुप स्टूल सारखं करायला वाकला. त्यांच्या सुनेचं नाव धम्मदीना होतं. घरात कुणी ते कधी तोडलं नव्हतं.

"मीच सांगितलं तसं. नाव लांब पडतं गं, आई."

"चंद्रहास म्हणणाऱ्यांना धम्मदीना लांब पडतं?"

त्याने फोन खिशात टाकला.

"आणि ड्राइव्हवे रिकामा असताना गाडी इथे का?"

अनुपने रस्त्याच्या दोन्ही टोकांना नजर टाकली. इथे मराठी समजणारं कुणी नव्हतं, तरी त्याचा आवाज खाली गेला.

"मागच्या काचेवर जय भीम आहे."

ट्रक आला त्याच आठवड्यात यादवरावांनी हेन्डरसनच्या एका दुकानातून ती अक्षरं करवून आणली होती. निळी, वीतभर उंच. घरच्यांनी मिळून पंचशील म्हटलं आणि अनुपने स्वतःच्या हाताने, कुठे बुडबुडा राहू नये म्हणून श्वास रोखून, ती चिकटवली. त्या सबंध ट्रकवर बेबीताईंना आवडणारी तेवढी एकच गोष्ट होती.

त्यांनी विचारलं, ही माणसं तुला कधी काही बोलली का. आडनावावरून टोमणा मारला, कप वेगळा ठेवला, काही? अनुपने मान हलवली. उलट फार जीव लावतात, म्हणाला. आईंच्या हातचं काहीतरी आणाच, हा सुलभाचाच हट्ट. मैत्री नवी आहे, मुरली की कळेलच त्यांना हळूहळू. आजच विषय कशाला निघायला हवा? बोलता बोलता त्याने डबा घ्यायला हात पुढे केला.

बेबीताईंनी डबा दिला नाही. स्टुलावरचा पाय उचलून आत घेतला आणि सीटवर नीट मागे सरकून बसल्या. इतका वेळ चढलेला त्यांचा आवाज आता एकदम खाली आला.

"तुझे आजोबा गाडी जुंपून गावात यायचे, तेव्हा त्यांना वेशीपाशी खाली उतरवायचे," त्या म्हणाल्या. "मागे बसलेल्या मलासुद्धा. काठ्या घेतलेली माणसं उभी राहायची त्यासाठी. तू तर कुणी उतरवायची वाटही पाहिली नाहीस."