पेंटरचा शॉट

“आणि तो शॉट?” पूल हॉलच्या मालकाने विचारलं, आणि चष्मेवाल्यांना चहा एकदम कडू लागला.

तासभर सगळं छान चाललं होतं. पेंटर बऱ्याच वर्षांनी मुलीकडून परत आला होता, म्हणून रविवारी सकाळी जुनी मंडळी हॉलमध्ये जमली होती. त्यांच्या टेबलावर कोणी खेळत नव्हतं, खेळ नुसता तोंडाने चालला होता. कुठल्या स्पर्धेत वीज गेली आणि खिडकीतून मोटारीच्या दिव्यांचा उजेड पाडून अंतिम सामना संपवला, कुठल्या डावखुऱ्याने बॉल उडवला तो थेट पंचाच्या मांडीवर जाऊन बसला, अशा आठवणींना ऊत आला होता. प्रत्येक शॉट सांगता सांगता वीतभर लांब होत होता. चष्मेवाल्यांनीही दोन-चार ठोकून दिल्या होत्या. पण गाडी कुठे जाऊन थांबणार हे त्यांना ठाऊक होतं. ती दरवेळी तिथेच थांबायची.

तो शॉट ज्या स्पर्धेतला, तिचा चषक चष्मेवाल्यांच्या दुकानात, फ्रेमांच्या वरच्या फळीवर ठेवलेला होता. अंतिम सामन्यात पेंटरला हरवून त्यांनी तो मिळवला होता. आणि लोकांना आठवत काय होतं? शेवटून दुसऱ्या डावातला पेंटरचा शॉट. पेंटरचा फक्त काळा बॉल भोकात घालायचा उरला होता, आणि चष्मेवाल्यांनी पांढरा बॉल आपल्या एका बॉलच्या मागे असा दडवला होता, की तिथून काळा दिसतच नव्हता. पेंटरने पांढरा टेबलाच्या तीन काठांवर आपटून फिरवून आणला आणि काळा कोपऱ्यात घातला. डावांची बरोबरी झाली. त्यानंतरचा शेवटचा डाव कोणी घेतला, असं विचारलं तर लोक छताकडे बघायचे. दुकानात आलेलं गिऱ्हाईक चषक पाहून म्हणायचं, पेंटरने तो शॉट मारला तीच का ही स्पर्धा? इतकंच काय, चष्मेवाल्यांची बायकोसुद्धा पाहुण्यांना तो शॉट हातवारे करून सांगायची. नुसता जळफळाट व्हायचा त्यांचा. त्यात पेंटर माणूस इतका भला, की त्याचा धड रागही करता येत नव्हता.

मालकाने काठी पेंटरच्या हातात दिली. आजच्या पोरांना एकदा बघू दे, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं. बाकीच्या टेबलांवरचे खेळणारेही भोवती गोळा झाले. बॉल कोण मांडणार? अर्थातच चष्मेवाले. तो पेच त्यांनीच टाकला होता, कुठला बॉल कुठे होता हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार?

चष्मेवाले उठले. बॉल असे मांडावेत की शॉट बसताच कामा नये, हे त्यांच्या मनात येऊन गेलं. पण पेंटर चुकला असता तर लोक म्हणाले असते, बघा, केवढा अवघड होता. त्यांना याहून बरं सुचलं. आडवा येणारा बॉल त्यांनी बोटभर बाजूला ठेवला. काळा अर्धा उघडा पडला. आता कोणी नवशिक्यानेही तो सरळ घातला असता. मग पोरंच म्हणतील, एवढ्याचंच कौतुक होतं होय! आणि आयुष्यभर काचा मोजूनमापून बसवणारा माणूस मांडणीत चुकला, असं कोणाला वाटणारही नव्हतं.

झालंही तसंच. गर्दीतला एक जण दुसऱ्याच्या कानाशी काहीतरी बोलला आणि दोघेही हसले. चष्मेवाल्यांना फार बरं वाटलं.

पेंटर वाकला. काठी रोखली. मग पुन्हा सरळ झाला.

“नाही रे,” तो म्हणाला. “इतका सोपा नव्हतास ठेवला तू.”

त्याने हात लांबवून आडवा बॉल परत सरकवला, एक डोळा मिटून पाहिलं आणि आणखी केसभर सरकवला. काळा पूर्ण झाकला गेला. मग तो जमलेल्यांकडे वळला. माझा शॉट नशिबाने बसला, असं त्याने सरळ सांगून टाकलं. नंतर कितीदा तरी करून बघितला होता त्याने, एकदाही जमला नव्हता.

“खरा शॉट याचा. पांढरा इथे आणून ठेवणं. अख्ख्या स्पर्धेत तसा शॉट कोणी मारला नाही. माझा काय बघता, याचा बघा.” आणि त्याने काठी चष्मेवाल्यांपुढे धरली.

सगळ्या माना चष्मेवाल्यांकडे वळल्या. याच्यासाठीच तर इतकी वर्षं जीव जळत होता. त्यांना मघाच्या लबाडीची लाज वाटली, पण लाजेपेक्षा आनंद मोठा होता. त्यांनी काठी घेतली आणि टोकाला खडू घासला.

मालकाने पांढरा बॉल उचलला. “हा आधी कुठे होता?”

चष्मेवाल्यांनी टेबलाकडे पाहिलं. पेंटरचा शॉट त्यांना पाठ होता. पहिला काठ, दुसरा, तिसरा, पेंटरचा झुकलेला खांदा, दातांत धरलेली जीभ, बाहीवरचा रंगाचा डाग. अंथरुणात कुशी बदलत त्यांनी तो अगणित वेळा पाहिला होता. स्वतःचा शॉट मात्र त्यांनी पुन्हा कधी मनात आणला नव्हता. पांढरा कुठून निघाला, जोर किती दिला, कुठल्या अंगाने मारला, काही म्हणता काही डोळ्यांपुढे येईना.

मालक बॉल हातात धरून थांबला होता. सगळे थांबले होते. चष्मेवाले पेंटरच्या जवळ सरकले.

“तुला आठवतंय का रे?” त्यांनी हळूच विचारलं.