एकमतानं मंजूर

“प्राध्यापक लूडेकिंग यांची हकालपट्टी ज्यांना मान्य आहे, त्यांनी हात वर करा,” विद्यापीठाच्या सभेत पक्षाचा कॉम्रेड प्रोल म्हणाला.

हात वर गेले. लूडेकिंगांनी ज्यांना इतिहास शिकवला, त्यांचेच हात. गुन्हा एवढाच, की दफ्तरखान्यातले जुने कागद चाळून त्यांनी शेतकऱ्यांच्या एका बंडावरच्या पुस्तकाचा पहिला भाग लिहिला होता. बंडवाले क्रांतीच्या घोषणा देत नव्हते, बहुतेकजण देवाची प्रार्थना करत मेले, असं त्यात होतं. पूर्व जर्मनीत सत्तेवर बसलेल्या पक्षाला त्या बंडात देव नको होता.

“पाद्र्यांचा दलाल!” मागून कुणीतरी ओरडलं. “हाकला म्हाताऱ्याला!”

लूडेकिंग ताठ बसून होते. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

मग सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. लूडेकिंगांची साहाय्यक, रोस्वीथा हागेनो. तिचे दोन्ही हात मांडीवरच होते. मागे अशाच एका सभेत ज्यानं हात वर केला नव्हता, तो अजून तुरुंगात होता.

“तुमचं काय बाई? हात दुखतोय का?” प्रोलनं गोड आवाजात विचारलं.

रोस्वीथा उभी राहिली. ओठ पांढरेफटक पडले होते.

“मला वाटतं, सरांचं पुस्तक...”

“हिला कसलं आलंय वाटणं!” लूडेकिंग कडाडले. ते उठूनच उभे राहिले. “हिचा प्रबंध वाचलाय मी. कचरा आहे नुसता! आईबाप बॉम्बहल्ल्यात गेले म्हणून कीव आली, ठेवून घेतली. आणि आता ही माझी वकिली करणार? ही? खाली बस, मूर्ख कुठली!”

सभागृहात हशा पिकला. प्रोलही हसला.

रोस्वीथा त्यांच्याकडे बघतच राहिली. चार वर्षं ती या माणसाच्या टेबलाशेजारी बसून काम करत होती. आईबापांचं तिनं जगात फक्त त्यांनाच सांगितलं होतं. तिचा चेहरा लालबुंद झाला. डोळे भरून आले.

“मी तुमच्या बाजूनं उभी राहिले होते,” ती म्हणाली. “थू तुमच्यावर!”

आणि तिनं हात वर केला. खांद्यापासून ताठ.

“एकमतानं मंजूर,” प्रोल म्हणाला.

लोक बाहेर पडू लागले. दाराशी लूडेकिंग कोटाची बटणं लावत होते. एक बटण काही केल्या लागेना. रोस्वीथा तोंड फिरवून त्यांच्या जवळून जाऊ लागली. तेव्हा मान न उचलता ते हळूच बोलले.

“दफ्तरखान्याचं दार मला आजपासून बंद. तुला मात्र उघडं राहिलं.”

तिचे पाय जागीच खिळले.

“थांबू नकोस. रागातच चालत राहा, ते बघताहेत. पुस्तकाचा दुसरा भाग आता तुला लिहायचाय.”