यादीत सगळ्यात खाली

यादीत आईचा टॅब सगळ्यात खाली होता.

धाकट्याला आधी हसू आलं, मग राग. हजारो मैलांवरून तो घरचा राउटर उघडून बसला होता. मोठमोठ्या कचेऱ्यांची नेटवर्कं सांभाळणं हे त्याचं काम, आणि स्वतःच्या घरच्या नेटचा मात्र असा बोजवारा.

घरचं नेट गोगलगायीच्या चालीचं. गर्दी झाली की आधी कोणाला वाट द्यायची, याची यादी राउटरमध्ये लावता येते. ती लावायला बाबांना त्यानेच फोनवरून शिकवलं होतं. "जे महत्त्वाचं ते वर, बाबा. बाकीचं ओळीने खाली." बाबा जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आलेले. एकदा समजलं की त्यांच्या हातून सहसा चूक होत नसे. आणि आता बघावं तर सगळ्यात वर टीव्ही, मग बाबांचा फोन, मग फुकटात नेट वापरणारे शेजारचे काका. आई या सगळ्यांच्या मागे.

म्हणूनच तर! दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आईचा चेहरा चौकोनांत फुटायचा, 'हॅलो'च्या पुढे शब्द यायचा नाही, आणि बाबा घाईघाईने टॅब काढून घ्यायचे. "नेट गंडलं बघ. आई म्हणतेय, वेळेवर जेवत जा." दीड वर्ष हेच चाललं होतं. सुट्टी मिळत नव्हती. आईचा आवाज नीट ऐकायला तो आसुसला होता.

बाबांचं वय झालं, त्याने मनाशी म्हटलं. यादी उलटी लावून बसलेत. त्याने आईला उचलून पहिल्या जागी ठेवलं, काकांना तळाला ढकललं आणि न राहवून लगेच फोन लावला. त्या दिवशी रविवार नव्हता, बुधवार होता. टॅब आईनेच उचलला.

चित्र लख्ख आलं. कपाळावरची सुरकुतीन् सुरकुती दिसत होती. त्याचे डोळे भरून आले.

"आई!"

आईने केस सारखे केले आणि परक्यांसमोर हसतात तसं हसली. "बसा ना, हे येतीलच एवढ्यात." मग आतल्या खोलीकडे वळून तिने हाक मारली, "अहो, गिऱ्हाईक आलंय. घड्याळ न्यायला आलेत वाटतं."

"आई, अगं मी. तुझा धाकटा."

"हो का?" ती आदबीने म्हणाली. "पावती आणलीत ना?"

हात पुसत बाबा बाहेर आले. पडद्यावर पोराचा स्वच्छ चेहरा बघून जागच्या जागी थबकले. त्यांनी टॅब हळूच तिच्या हातून घेतला. नेट एकदाही अडकलं नाही.

"कधीपासून, बाबा?"

"तुला ओळखेनाशी झाली, त्याला दीड वर्ष होईल."

"आणि ते 'वेळेवर जेवत जा'?"

"ते मीच."

काहीतरी बोलायचं म्हणून धाकटा म्हणाला, "यादी उलटी लागली होती. मी सरळ केली."

बाबांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"उलटी नव्हती रे," ते म्हणाले. "विचार करूनच लावली होती."