डोलीचं माप

चुलीच्या वर धुरात वर्षभर एक बांबू टांगलेला होता. शर्मिला रोज त्याच्याखाली बसून भाकऱ्या थापायची. तिला वाटलेलं, गोठ्याच्या छपराचा असेल. आज सासऱ्याने तो खाली काढला, काजळी पुसली आणि अंगणात त्याला नवंकोरं ब्लँकेट बांधायला घेतलं, तेव्हा तिला कळलं, ही आजाऱ्याला डोंगर उतरवायची डोली होती.

"बस गो, माप बघू," श्रीपत म्हणाला. "गेल्या बाळंतपणाला कच्चा बांबू निम्म्या उतारावर मोडला. हा नाय मोडायचा."

माणूस खरंच भला. सुनेसाठी एवढं करणारा सासरा कुडपणच्या वरच्या वाड्यांत शोधून सापडला नसता. पंचाईत तीच होती. भल्या माणसाशी भांडायचं कसं?

"मामंजी, डोलीचा काय उपेग?" शर्मिला म्हणाली. "डाक्टरीणबाई काय बोलल्या? गर्भपिशवीला गेल्या सिझरचा उभा काप हाय. पुढच्या टायमाला कळा यायच्या आत सिझर करायचं. कळा आल्यावर निघाले, तर पिशवी फाटंल. महिनाभर आधी महाडात जाऊन राहायला पायजे."

"महिनाभर?" सासू सुंदराबाई हसली. "मग गुरांकडं कोण बघंल गो, तुझा बापूस?"

शर्मिलाने नवऱ्याकडे पाहिलं. सूरज महाडजवळ बिरवाडीला कारखान्यात कामाला होता, सुट्टीला वर आलेला.

"माझ्या खोलीत आम्ही पाच जण," तो खाली बघत पुटपुटला. "तेव्हाचं तेव्हा बघू."

गेल्या वेळीही हेच 'बघू' होतं! त्या 'बघू'पायी ती मरता मरता वाचली होती.

"अजून दिवस तरी कुठं गेलेत मला?" ती ओरडलीच.

"म्हणून तर," श्रीपत खुशीत म्हणाला. "आता कधीपण जाऊ देत. आपली तयारी हाय."

तिघंही तिच्याकडे बघत थांबले. शेवटी ती ब्लँकेटमध्ये बसली.

सुंदराबाईने एक गोधडी दुमडली आणि सुनेच्या पोटावर ठेवली. "ही धर. म्हंजे भरल्या दिवसांचं माप येईल."

बापलेकांनी बांबू खांद्यावर घेतला. शर्मिलाचे पाय जमिनीवरून सुटले. बांबू जरासुद्धा वाकला नाही.

"उतरवा मला."

"थांब गो, उतारापर्यंत जाऊन बघू."

गोधडी भिरकावून द्यावी, असं तिला वाटलं. डोली हलायला लागली, तशी तिने तीच गोधडी दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरली.